तिसरा खण

आर्हूस, ४ ऑक्टोबर २००४

रग्नहिल्डबाई,

पाकिटावर 'श्रीमती थोर्सागर' असं लिहून मागे पुन्हा 'पाठवणार: श्रीमती थोर्सागर' असं लिहिताना मला कसंसंच झालं. पोस्टातली मुलगी एकदा पाकिटाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. ही बाई स्वतःलाच पत्रं लिहिते, असं तिला वाटलं असणार. घटस्फोटाला पंचवीस वर्षं झाली. नवरा परत केलात, आडनाव तेवढं राहून गेलं तुमच्याकडून.

एब्बेच्या अंत्यविधीला तुम्ही पाठवलेलं पुष्पचक्र पोचलं. आभार. फितीवरचं 'तुझी रग्नहिल्ड' इतक्या ठळक अक्षरांत होतं की चर्चच्या शेवटच्या बाकावरूनही वाचता येत होतं. शेवटच्या बाकावरच्यांनी ते वाचलं, आणि नंतर कॉफीच्या वेळी ह्या कोण म्हणून मला विचारलं.

आता कामाचं. एब्बेने जुनं फर्निचर जमवलं, पण बसायचं काही कधी जमवलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. खुर्च्या म्हणजे नुसता तोरा, खरा कारागीर बघायचा तर खणाच्या मागच्या बाजूला बघावा, असं म्हणायचा. त्यामुळे माझ्या घरात पन्नास-साठच्या दशकातली अकरा कपाटं आहेत आणि पाहुण्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावं लागतं. इकडच्या एका लहान संग्रहालयाला ही कपाटं हवी आहेत. 'एब्बे थोर्सागर संग्रह' अशा नावाचं दालनच करणार आहेत ते. त्यांची अट एकच. रोझेनलुंड ह्या कारागिराच्या सागवानी खणांच्या कपाटांची जोडी पुरी हवी. त्याने आयुष्यात ती एकच जोडी केली. त्यातलं एक माझ्याकडे आहे, दुसरं तुमच्याकडे. १ मार्चच्या आत जोडी जमली नाही, तर बाकीची कपाटं ते घेतील, पण दालनाला नाव देणार नाहीत.

शेवटच्या महिन्यात, इस्पितळाच्या पलंगावर, एब्बेने त्या दालनाचा नकाशा काढला होता. दाराच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. रेषा वाकड्या आल्या होत्या, पण मापं बरोबर होती. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून कुणी त्याची आठवण काढणार नाही. ह्या कपाटांमुळे काढतील.

तुमचं कपाट मला द्याल का?

मेरेते थोर्सागर


स्वेन्डबोर्ग, ११ ऑक्टोबर २००४

मेरेते,

मी तुझ्याहून बारा वर्षांनी मोठी आहे आणि तुझ्या नवऱ्याशी तुझ्याआधी लग्न केलेली आहे, तेव्हा 'तू' म्हणते. राग मानू नकोस. किंवा मान.

आडनावाचं म्हणशील, तर परत करायला गेले होते. पावती हरवली होती.

कपाट देणार नाही.

सत्तावन साली आमचं लग्न झालं तेव्हा घरात पलंग नव्हता, पण ही जोडी होती. जमिनीवर गादी, आणि डोक्याशी दोन सागवानी कपाटं, साधुसंतांच्या पुतळ्यांसारखी. माझी आई आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "हा माणूस तुला नीट घडी करून ठेवील, वापरायला काढणार नाही." मी हसले होते तेव्हा.

एकोणऐंशीत वाटणी झाली. आपल्या दोघींतली कोण हवी हे त्याने एका संध्याकाळी ठरवलं. दोन कपाटांतलं कुठलं न्यायचं हे ठरवायला त्याला अकरा दिवस लागले. रोज यायचा, गुडघ्यावर बसायचा, सागवानाच्या रेषा बघायचा, उसासे टाकायचा. शेजारच्या बाईला वाटलं, माझ्यासाठीच टाकतोय. मीही तिला तसं वाटू दिलं.

आणि संग्रहालयाला तरी ते काय कामाचं? तिसरा खण अडतो. पहिल्यापासून नाही, वाटणीनंतर अडायला लागला. दर सप्टेंबरात एब्बे येऊन त्याला मेण घासून जायचा, म्हणून वर्ष निघायचं. ह्या सप्टेंबरात आला नाही. मला वाटलं, असेल कुठेतरी कुणाच्या मयताच्या घरी, कपाटं उलथीपालथी करून खालचे कारागिरांचे शिक्के बघत. मग महिनाअखेर रद्दी बांधताना दोन दिवसांपूर्वीच्या पेपरात त्याच्या मृत्यूची चौकट दिसली. पुष्पचक्र म्हणून घाईत निघालं, आणि अक्षरांचं म्हणशील तर फुलवालीने विचारलं, "लहान की मोठी?" अशा वेळी कोण लहान म्हणतं?

तिसऱ्या खणात माझे नाताळचे टेबलक्लॉथ अडकून बसले आहेत. आता ते कोण काढणार, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तुझ्यापुढचा प्रश्न मला सुटणार नाही.

रग्नहिल्ड


आर्हूस, १५ ऑक्टोबर २००४

रग्नहिल्डबाई,

दर सप्टेंबरात?

मला तो सांगायचा, ओडेन्सला शरद ऋतूतला लिलाव असतो. सकाळी सातला निघायचा, रात्री आठला यायचा, हात हलवत. "काही घेतलं नाहीस?" असं विचारलं की म्हणायचा, "भाव फार चढलेत." मी त्याला डबा करून द्यायची. काळ्या पावावर लिव्हरची चटणी, वर काकडी. रिकामा डबा घेऊन परत यायचा. तो डबा कुणी खाल्ला, रग्नहिल्डबाई? तुम्ही?

मला सरळ उत्तरं हवी आहेत. किती वर्षं? किती वाजता यायचा, किती वाजता जायचा? तुम्ही त्याला काय जेवायला घालत होतात? माझ्याबद्दल काही बोलायचा का? आणि मेण लावायला एवढा वेळ कशाला लागतो? मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई आहे. लाकडावर मेण घासणं ही वीस मिनिटांची क्रिया आहे, आणि ती करताना कोट काढावा लागत नाही.

एक मात्र सांगते आणि ते सांगताना माझे दात शिवशिवतात. माझ्याही कपाटाचा तिसरा खण अडतो. पंचवीस वर्षं अडतोय. मी दरवर्षी म्हणायची, "एब्बे, त्या खणाचं काहीतरी कर." तो म्हणायचा, "राहू दे गं. लाकडाला त्याची त्याची सवय असते." एकदा मीच मेणबत्ती घेऊन बसले, तर माझ्या हातातून काढून घेतली. त्याच्या कपाटाला परक्याने हात लावायचा नाही! परकी म्हणजे मी.

तर माझ्या घरातल्या लाकडाला सवय होती, आणि तुमच्या घरातल्या लाकडाला उपचार.

उत्तर लवकर पाठवा.

मेरेते


स्वेन्डबोर्ग, २६ ऑक्टोबर २००४

अगं मेरेते,

मुद्दाम अकरा दिवस लावले. मलाही थांबवलं होतं एकदा अकरा दिवस.

तेवीस वर्षं. एक्याऐंशीपासून गेल्या वर्षापर्यंत, एकही चुकलं नाही. दहाला यायचा, चारला जायचा. दारात बूट काढायचा आणि कपाटामागून आपल्या जुन्या सपाता काढायचा. मी त्या कधी टाकल्या नाहीत. टाकायला हव्या होत्या, हे मलाही कळतं, पण वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तू ठेवायचीच सवय लागलेली असते. नाताळच्या ताऱ्यासारख्या.

जेवायला आधी मुरवलेली हेरिंग मासळी, मग तळलेला मासा आणि अजमोद्याचा पांढरा रस्सा. ती लिव्हरची चटणी माझ्या मांजरीने खाल्ली. तीन मांजरी झाल्या तेवढ्या वर्षांत. तिघींनाही आवडली, तेव्हा तुझ्या हाताला चव आहे.

कोट काढायचा. रंधा मारताना कोट घालून बसतात का? हो, रंधाही असायचा, चिमुकला, तळहातात मावेल असा. आधी रंधा, मग पॉलिश पेपर, मग मेण. खण तो पुरा बाहेर काढू द्यायचा नाही मला. "तू कॉफी बघ," म्हणायचा. मी कॉफी बघायची.

तुझ्याबद्दल बोलायचा का? बोलायचा. तेच तर. मेरेतेने अमुक केलं, मेरेतेने तमुक कपाट तीन किलोमीटर लांबून ओळखलं, मेरेतेला सागवान आणि रंग दिलेलं बीचचं लाकूड हातानेच कळतं. मला बावीस वर्षांच्या संसारात ते कधी कळलं नाही. मी सगळ्याला लाकूड म्हणायची. सहा तासांत चार तास तुझं कौतुक ऐकायचं आणि मधे मधे मासा उलटायचा, हा माझा सप्टेंबर. आम्ही एकमेकांचा हातसुद्धा धरला नाही. त्याने खण धरला होता.

तुला वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मिळाले, आणि तू डब्याचा हिशेब मागतेस.

रग्नहिल्ड


आर्हूस, २० नोव्हेंबर २००४

रग्नहिल्डबाई,

तुमचं पत्र मी तीन वेळा फेकलं आणि तीन वेळा उचललं. सपातांचं नसतं लिहिलं तर चाललं असतं.

पण त्याहून मोठी गोष्ट झाली आहे. काल संग्रहालयाचे लिंडहार्ट साहेब घरी आले. लांब बोटांचा, पातळ आवाजाचा माणूस. बसायला स्टूल दिलं तर खूष झाला. रोझेनलुंडच्या कपाटाचे सगळे खण त्यांनी बाहेर काढले, उलटे करून जमिनीवर मांडले आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही पाहिलंय का?"

प्रत्येक खणाच्या मागच्या फळीवर पेन्सिलीने आकडा आहे. १, २, ९, ४, ५, ६.

मी म्हटलं, "रोझेनलुंडला मोजता येत नव्हतं का?"

ते म्हणाले, "त्याला येत होतं. पुढे कुणाला तरी येत नव्हतं."

जुने कारागीर प्रत्येक खण त्याच्या त्याच्या जागेसाठी रंधून बसवायचे. दिसायला सगळे सारखे, पण तिसरा तिसऱ्यातच जातो आणि नववा नवव्यात. सरमिसळ होऊ नये म्हणून आकडे. एक ते सहा माझं कपाट, सात ते बारा तुमचं. म्हणजे माझ्याकडे तुमचा नववा खण आहे, तो उंचीला जास्त भरतो म्हणून अडतो. तुमच्याकडे माझा तिसरा असणार, तो रुंदीला जास्त. सामान हलवताना खण काढतात, तेव्हा बदलले असतील, असं साहेबांचं म्हणणं.

साहेबांचं म्हणणं त्यांच्यापाशी. जो माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तर सूप निवायच्या आत टेबलाखाली डोकं घालून शिक्का वाचायचा, त्याला पंचवीस वर्षांत स्वतःच्या कपाटातला नऊचा आकडा दिसला नाही? त्याला माहीत होतं. मुद्दाम चुकीचा ठेवला त्याने. तुमचा खण अडावा, म्हणजे वर्षातून एकदा तुमच्याकडे जायला काम राहावं! आणि तुमचा अडत राहायचा तर माझाही अडलाच पाहिजे. तुमच्या एका दुपारसाठी मी पंचवीस वर्षं रोज त्या खणाशी कुस्ती खेळले आहे. एकदा नख मुळापासून उखडलं. त्यानेच पट्टी बांधली, फुंकर घालून.

तुमचा खण बाहेर काढा आणि आकडा बघा. मग माझा मला परत द्या.

मेरेते


स्वेन्डबोर्ग, २ डिसेंबर २००४

मेरेते,

शेजारी राहणारा पेडर आणि त्याचा मेव्हणा दोघांनी ओढला तेव्हा निघाला. ३ आहे. टेबलक्लॉथांसकट.

आता मी जे लिहिते ते बसून वाच. तुझ्या स्टुलावर का होईना.

खण एब्बेने बदलले नाहीत. सामान हलवणाऱ्यांनीही नाही. मी बदलले.

एकोणऐंशीच्या मे महिन्यातला शनिवार होता. बाराही खण काढून दिवाणखान्यात रचून ठेवले होते. एब्बे खाली ट्रकजवळ दोरीच्या गाठी शिकवत होता हमालांना. तूही खाली होतीस, लाल स्कार्फ बांधून, वर यायची हिंमत नव्हती म्हणून ट्रकचा आरसा बघत होतीस. मी खिडकीतून पाहिलं तुला. मग त्याच्या ढिगातला तिसरा काढला आणि माझ्या ढिगातला नववा तिथे ठेवला. आकड्यांची भानगड मला माहीत होती. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्याने मला ती एक पूर्ण रविवार समजावली होती. त्याच्या शिकवणीचा तेवढा एक उपयोग मी केला.

मला एवढंच हवं होतं की त्या लाल स्कार्फवालीने रोज सकाळी खण ओढावा आणि तो अडावा. कुणामुळे हे तिला कळू नये, पण रोज अडावा. नखाचं वाचून पंचवीस वर्षांपूर्वी मला फार आनंद झाला असता. काल झाला नाही. थोडासा झाला.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आलीच नव्हती. त्याचा चुकीचा इथे आला, तर माझाही अडणार! डोळ्यांपुढे फक्त तुझं घर होतं, माझं कपाट मी विसरले. दोन वर्षं मी माझ्याच खोडीशी झोंबत होते, आणि ओरडायचं कुणावर? शेवटी त्याला चिठ्ठी लिहिली, खण अडतो म्हणून.

तो आला. गुडघ्यावर बसला, खण पुरा बाहेर काढला, मागची फळी फिरवून बघितली. मी दारात कॉफीची किटली धरून उभी. त्याने आकड्यावरून अंगठा फिरवला. मग खण परत आत घातला आणि म्हणाला, "मेण लागेल."

बस. तेवीस वर्षांत त्याबद्दल दुसरा शब्द नाही. पुढच्या सप्टेंबरात मी बोलावलं नव्हतं. तोच आला.

त्याने मला माफ केलं होतं, की शिक्षा देत होता, की त्याला नुसता मासा आवडत होता, मला आजतागायत कळलेलं नाही. तुला कळत असेल तर लिही. त्याचे तीनशे चौसष्ट दिवस तुझ्याकडे होते.

रग्नहिल्ड


आर्हूस, ६ जानेवारी २००५

रग्नहिल्डबाई,

नाताळ एकटीने काढला. बदक केलं, साखरेतले बटाटे केले, सहा माणसांचं. मग तुमच्यावर चिडायला बसले, आणि जमेना.

तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. मी तुमच्याशी खोटं बोलले. सप्टेंबरचं मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. मला एक्याण्णव सालापासून माहीत होतं. तुम्ही सांगता का, किती सांगता, हे बघायला मी 'दर सप्टेंबरात?' असं डोळे विस्फारून लिहिलं. बरं जमलं होतं, नाही?

त्या वर्षी लिलावाच्या पत्रकात तारीख बघितली तर लिलाव नोव्हेंबरात. मी मैत्रिणीची गाडी मागून घेतली आणि त्याच्या मागे निघाले. तुमच्या घरासमोर, चेरीच्या झाडाखाली, दोन तास बसले. तुमच्या खिडकीला पडदे नाहीत. आपल्याकडे कुणाच्याच नसतात, पण त्या दिवशी तुमच्या तरी असायला हवे होते. मला काय दिसलं सांगू? तुम्ही किटली घेऊन उभ्या. आणि तुमच्यापुढे माझा नवरा गुडघ्यावर.

कपाट दिसत नव्हतं. ते खिडकीच्या खाली येतं. मला फक्त तुम्ही दिसलात आणि त्याचं टक्कल.

तो माझ्यासमोर कधी गुडघ्यावर बसला नाही. मागणीसुद्धा त्याने मला पार्किंगमध्ये घातली, एक कपाट गाडीच्या टपावर बांधताना. "तू ती दोरी घट्ट धर, आणि माझ्याशी लग्न करशील का?" ह्या क्रमाने.

मी घरी आले, रात्रीचं जेवण केलं, त्याला विचारलं, "काही घेतलं?" तो म्हणाला, "भाव चढलेत." मी म्हटलं, "हो, चढलेच असतील." आणि पुढची बारा वर्षं त्याला डबा देत राहिले. दरवर्षी त्याच्यापुढे वाढताना मला तुमच्यापुढे वाकलेलं ते टक्कल दिसायचं. माफी मागतोय, असं मी धरून चालले होते. म्हणजे मी त्याच्या हातून झालेली चूक होते.

आता तुम्ही म्हणता, तो खण बघत होता. मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. ठरवलं आहे म्हणजे रोज सकाळी नव्याने ठरवते.

तो तुम्हाला शिक्षा देत नव्हता. शिक्षा देणारा माणूस वीस मिनिटांच्या कामाला सहा तास घेत नाही. आणि मला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी तुमचं नाव घेऊन त्या खणाला लाथ मारली असती. मारलीच असती. एवढंच कळतं मला.

१ मार्च जवळ आला. मी पुन्हा मागत नाही. आठवण देते.

मेरेते


स्वेन्डबोर्ग, १४ जानेवारी २००५

मेरेते,

ती हिरवी गाडी तू होतीस? मला वाटलं, टीव्हीच्या लायसनवाले टेहळणी करताहेत. दोन तास मी टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. एब्बे विचारत होता, टीव्हीला थंडी वाजते का?

ते कपाट घेऊन जा. खणासकट. पार्किंगमधल्या मागणीसाठी देते. मला त्याने समुद्रकाठी, चांदण्यात, गुडघ्यावर बसून घातली होती, आणि आयुष्यभर मला वाटत आलं की तुला त्याहून चांगली घातली असणार. ते एक ओझं गेलं.

दालनाला त्याचं नाव लागू दे. मला बोलावू नका. मी तिकीट काढून येईन.

टेबलक्लॉथ काढून घेतले आहेत.

रग्नहिल्ड


आर्हूस, १ मार्च २००५

रग्नहिल्डबाई,

आज मुदत संपली. जे झालं ते सांगते.

परवा संग्रहालयाच्या कार्यशाळेत दोन्ही कपाटं शेजारी शेजारी उभी केली. पंचवीस वर्षांनी. लिंडहार्ट साहेब हातमोजे घालून आले, दोन सुतार आले, मी केस करून गेले होते. आधी तुमचा नववा खण तुमच्या कपाटात घातला. साहेबांनी एक बोट लावलं, आणि तो असा आत गेला जसा काही लोण्यात. आवाजच नाही. सुतारांनी टाळ्या वाजवल्या.

मग माझा तिसरा माझ्या कपाटात घातला. रग्नहिल्डबाई, तो सरकला नाही, खडखडला. डावीकडे कलला, उजवीकडे आपटला, आणि तिरका होऊन तिथेच तोंड वासून राहिला.

साहेबांनी तो काढून खिडकीशी नेला. दोन्ही बाजूंच्या फळ्या झिजल्या आहेत. झिजल्या म्हणजे रंधल्या आहेत. इतक्या बारीक, इतक्या थोड्या थोड्या, की भिंगातून बघितलं तर एकावर एक थर दिसतात. साहेब म्हणाले, "हे काम एका दुपारचं आहे. पण ज्याने केलं त्याला ते संपवायचं नव्हतं. दरवेळी केसभर काढलंय. पावसाळी हवेत पुन्हा फुगेल आणि अडेल, एवढंच. किती वर्षं लागली असतील देव जाणे."

मी म्हटलं, "तेवीस."

आणि तुमचा नववा? त्यावर एक ओरखडा नाही. पंचवीस वर्षं तो माझ्या घरात, त्याच्या हाताशी, पलंगापासून चार पावलांवर होता आणि त्याने त्याला नखसुद्धा लावलं नाही. म्हणजे तुमच्या वाट्याला आला तो कोरा करकरीत, आणि माझ्या वाट्याला तुमच्याकडे झिजलेला. हे मी कार्यशाळेत मोठ्याने म्हटलं. सुतार बाहेर गेले.

साहेब फार समजुतीने बोलले. त्याच काळातलं सागवान त्यांच्याकडे आहे, नवा तिसरा खण ते हुबेहूब करतील, ओळखूसुद्धा येणार नाही. जुना सामानाच्या खोलीत ठेवतील, चिठ्ठी लावून.

मी विचारलं, "चिठ्ठीवर काय लिहाल?"

म्हणाले, "बिघडलेला."

मी तो खण काखेत मारला आणि म्हटलं, जोडी देत नाही. त्यांनी नियम सांगितला, मी ऐकला. बाकीची दहा कपाटं ते घेतील. दालनाला नाव नाही. एब्बेने काढलेला नकाशा भिंतीवर लावला होता, तो मी उतरवून आणला, टाचण्यांसकट.

त्याची शेवटची इच्छा मी मोडली. हे मीच लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला म्हणायचं सुख मिळणार नाही.

तुमचं कपाट गुरुवारी परत येईल. चांगलं सरकतं.

मेरेते


स्वेन्डबोर्ग, ८ मार्च २००५

मेरेते,

कपाट आलं. तुला खूप बोलायचं म्हणून कागद घेऊन बसले होते. त्याचं नाव भिंतीवर लागायचं ते तुझ्या तुसडेपणाने गेलं, वगैरे. दीड पान लिहून फाडलं. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि तू ते माझ्याआधी केलंस, ह्याचा मला जास्त राग आला.

नववा खण एका बोटाने जातो. पहिले दोन दिवस मी तो नुसता उघडून बंद करत होते. पेडरला दाखवला, त्याच्या मेव्हण्याला दाखवला. तिसऱ्या दिवशी त्यात टेबलक्लॉथ ठेवायला गेले आणि ठेवता येईनात. कुणाच्या तरी घरचा खण आहे तो. तुझ्याकडचा. त्याला तुझ्या साबणाचा वास येतो.

आणि माझा तिकडे खडखडतोय. तुझ्या दिवाणखान्यात! प्रत्येक सप्टेंबर माझ्या डोळ्यांदेखत त्या फळ्यांवरून निघाला. भुसा मी झाडला. तू एक दिवस गाडीत बसून बघितलंस, आणि आता सगळे तेवीस तुझ्याकडे. तुझे तीनशे चौसष्ट होतेच, माझा एक होता, तोही नेलास.

हा गुळगुळीत परत घे आणि तो मला दे. पूर्वी अडले तसे अडू देत दोन्ही.

शनिवारी येते. बघायला येते, मागायला नाही. पण समोर आला तर मागणार नाही असं वचन देत नाही.

रग्नहिल्ड


आर्हूस, १० मार्च २००५

रग्नहिल्डबाई,

देणार नाही.

पण शनिवारी या. अकराच्या गाडीला स्टेशनवर येते. मासा तुमच्यासारखा जमणार नाही, म्हणून बदक करते. आता घर रिकामं झालंय, बोललं की आवाज घुमतो. दोन खुर्च्या विकत आणल्या आहेत, साध्या दुकानातून.

खण फार वाईट खडखडतो. खालच्या मजल्यावरचे विचारून गेले. काही ठेवलं तर तिरका होतो, म्हणून ठेवण्यासारखा नाहीच तो. मी रोज सकाळी त्यात सहा चमचे ठेवते आणि संध्याकाळी काढते.

शनिवारी ठेवा तुम्ही. काढीन मी.

मेरेते